मागची दांडी

लटारीकाकांनी वर्कशॉपमध्ये आल्या आल्या पिकअपच्या डाल्यावर, म्हणजे मागच्या हौद्यावर, तीन थापा मारल्या. रामराम नाही, कसा आहेस नाही. थापा मारून हात तसाच पत्र्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "वासू, दांडी कुठी लावशील?"

"कोणती दांडी, काका?"

"डाला उचलाची. मोरेश्वर सांगत होता, दांडी ओढली का डाला मागं कलते अन् सारा कापूस आपोआप खाली. ते दांडी."

मोरेश्वर म्हणजे त्यांचा मुलगा, माझा शाळेपासूनचा दोस्त. पिकअप त्याचीच. माझ्याआधी तोच बोलला, "अंदर लावन ना, बाबा. डायव्हरच्या सीटजवळ. साऱ्या टिपरले अंदरच असते."

"तुले नाई विचारलं. मी मिस्त्र्याले विचारून रायलो."

सतरा वर्षं झाली याला. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि आमच्या वणीकडे कापूस घरात यायला लागला होता. तेव्हा जिनिंगमध्ये पिकअप खाली करायची म्हणजे चार माणसं कापसात उतरायची आणि हातापायांनी ढकलत ढकलत माल खाली लोटायची. दीड-दीड तास जायचा. मागे गाड्यांची रांग लागायची, शिवीगाळ व्हायची. डाला कलणारी पिकअप आमच्या भागात एकाचीही नव्हती. मी नागपूरला एक पाहिली होती, आणि खोटं कशाला बोलू, त्या गाडीखाली चक्क आडवा होऊन बिडीच्या कागदावर चित्र काढून आणलं होतं. तोवर मी खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, बैलबंडीचे धुरे असलंच करायचो. हे काम जमलं तर सीझनभर गाड्या माझ्या दारात उभ्या राहणार होत्या. नाही जमलं तर लोक म्हणणार होते, लोहाराचा पोट्टा, विळे कर म्हणा त्याले, टिपर कराले चालला. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

काका चाकावर पाय देऊन डाल्यात चढले. चढण्याआधी त्यांनी चपला काढून खाली ठेवल्या. डाल्यात मूठभर सरकी आणि कोपऱ्यात थोडा कापूस अडकलेला होता, बस. पण कापसात चप्पल घालून आमच्याकडे कोणी जात नाही, आणि काका तर मुळीच नाही.

"हे पाह्य," ते वरून म्हणाले, "जिनिंगले नंबर लागते दोन-दोन दिवस. रात्री कोनी मालाले हात लावू नाई म्हून मी वरतं झोपतो. कापसात खळगा करतो अन् त्यात पडतो. खालून दिसतो का कोनाले?"

"नाई दिसत."

"मंग? हातानं खाली करता तव्हा वरचा माणूस सापडते. कोनाचा तरी पाय लागते, हात लागते. तुह्या जॅकले काय समजते वर कोन आहे ते?"

मोरेश्वर हसला. "बाबा, तुमाले मी उठवीन नं."

"तू उठवशील, तुहा डायव्हर उठवन का? उद्या दुसऱ्याची गाडी अशीन, त्याचा बाप वर अशीन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दांडी मागं लाव. मागच्या कोपऱ्यावर. जो ओढन त्यानं आधी मागं गेलं पाह्यजे, थाप मारली पाह्यजे, मंग ओढली पाह्यजे. कापसात आवाज येत नाई, पन फळीतून अंगाले समजते."

मला ते पटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटला. पण बोलणार कसं? लहानपणी याच माणसाने मला आपल्या बैलबंडीवर बसवून शाळेत सोडलं होतं. मी म्हटलं, "लावतो, काका. मागंच लावतो."

"असं नाई. तुह्या बापाच्या ऐरणीवर हात ठेव."

माझ्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग मशीन आलं, ग्राइंडर आलं, तरी बापाची ऐरण मी दारातून हलवली नव्हती. तिच्यावर हात ठेवून मी म्हटलं, "मागंच लावतो."

काका खाली उतरले, चपला घातल्या आणि जाता जाता म्हणाले, "अन् दांडीचं टोक जरा वर वाकव. बकऱ्याच्या शिंगासारखं."

"ते कायले?"

"मले लागते. सांगतलं तेवढं कर ना बे."

हाताला आड हवी असेल, तेल लागून घसरत असेल, असं मी समजलो. त्याच दिवशी सळई लाल केली आणि बापाच्या ऐरणीवर तिचं टोक वळवलं.

काम फार चांगलं झालं. मीच सांगतोय म्हणून नाही, आजही गाड्या पाहतो तेव्हा कळतं. गिअरबॉक्सवर पंप, डाल्याखाली जॅक, मागे दोन जाड पिनांच्या बिजागऱ्या. मागचा फाळका मी असा टांगला की डाला कलला की तो आपसूक उघडायचा आणि डाला बसला की धाडकन लागायचा. त्यासाठीसुद्धा कोणी मागे जायची गरज नव्हती. मला त्याचाच अभिमान जास्त होता. दांडी मात्र मागच्या डाव्या कोपऱ्यावर होती, तिला दोन काळे पाईप, आणि टोक शिंगासारखं वर वळलेलं.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोरेश्वर एकटाच आला. गाडीभोवती एक चक्कर मारली, दांडी ओढून डाला वरखाली करून पाहिला. खूश झाला आणि लगेच तोंड पाडून स्टूलवर बसला.

"काय झालं बे?"

"कसं दिसन सांग तू. जिनिंगमधी सारे पाहून रायले, अन् मी गाडी सुरू ठेवून खाली उतरतो, चिखला-फुफाट्यातून मागं जातो, अन् हापशासारखी दांडी ओढतो. हासतील ना लोक."

"तुह्या बापाले मी शब्द देला."

"मी कुठी नाई म्हनतो? थाप मी मारीनच. उतरून मारीन, थाप मारून परत बसीन. पन दांडी अंदर दे."

मी नाही म्हटलं. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने नेमक्या जागी बोट ठेवलं. म्हणाला, "वासू, नागपूरच्या गाडीले कुठी होती दांडी?"

"अंदर."

"मंग ते मिस्त्री काय येडा होता?"

आता सांगतो ते नीट ऐका, कारण हे मी कोणाला सांगितलेलं नाही. दांडी आत घेणं हा मोरेश्वरचा हट्ट होता, पण मलाही तेच हवं होतं. माझी पहिली गाडी लोकांनी पाहावी आणि म्हणावं, अगदी कंपनीची वाटते. मी पाईप लांबवले, व्हॉल्व्ह सीटखाली बसवला, आत छोटी काळी मुठीची दांडी दिली. अर्ध्या दिवसाचं काम. मग मोरेश्वर म्हणाला, "पन बाबा पाह्यतील तं?"

"जुनी राहू दे जागेवर," मी म्हटलं. "दिसली म्हंजे झालं."

ही अक्कल माझी. मोरेश्वरची नाही, कोणाचीच नाही, माझी. मागच्या दांडीचे पाईप मी काढले, त्याच रंगाचे दोन तुकडे तिथे तसेच खोचून ठेवले, आणि दांडी ढिली लागू नये म्हणून बोल्ट कचकचून आवळला. ओढली तर कडक लागायची, जशी खरी लागते तशी.

पूजा त्यांच्या अंगणात झाली. टाकळखेड्याला, मारुतीच्या देवळासमोर त्यांचं घर. गिरजाकाकू, म्हणजे मोरेश्वरची आई, आरतीचं ताट घेऊन गाडीभोवती फिरली. बोनेटला हळदकुंकू, चाकांना हळदकुंकू. काका म्हणाले, "मागच्या दांडीले लाव वो. तेच तं खरी आहे."

काकूने वाकून त्या दांडीला हळदकुंकू लावलं. वर दोन तांदळाचे दाणे चिकटवले. मी नारळ हातात धरून उभा होतो. काकांनी दांडीवर हात ठेवला, थोडी ओढून पाहिली आणि मला विचारलं, "वासू, येथूनच उचलते नं?"

"हो, काका."

"मंग मी बिनघोर झोपतो."

सगळे हसले. मीही हसलो. मोरेश्वर नारळ फोडायला पुढे झाला.

पहिल्या दोन खेपा बिनबोभाट झाल्या. नंबर लागायच्या वेळेला काका जागेच असत, आधीच खाली उतरून वजनाची पावती घ्यायला काट्याकडे जात. मोरेश्वरने थाप मारली की नाही मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हतो. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम गेलो. मला माझं काम चारचौघांत पाहायचं होतं.

पौषातलं ऊन होतं. सकाळचे दहा-साडेदहा. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या, त्या उन्हात डोळ्यांवर येत होत्या. मोरेश्वरची गाडी काट्यावरून वजन करून आली होती आणि पुढे फक्त एक गाडी होती.

"बाबा कुठी?" मी विचारलं.

"चहाले गेले. मीच पाठवलं. रातभर बसले होते ना वर."

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. गर्दीत तीन-चार पांढऱ्या टोप्या दिसत होत्या. त्यातली एक काकांची असेल, असं मी धरून चाललो.

नंबर आला. मोरेश्वरने गाडी गंजीला पाठ करून लावली. मी त्याच्या खिडकीजवळ उभा होतो. वीस-पंचवीस जण जमले होते. कोणी म्हणालं, "हे काय, माणसं नाई लागत का?" मोरेश्वरने माझ्याकडे पाहून डोळा मारला. सीटखालची मूठ ओढली. तो उतरला नाही, आणि मीही त्याला उतर म्हणालो नाही. माझ्या तोंडातून काय निघालं ते मला स्वच्छ आठवतं. मी म्हणालो, "घे! घे! घे!"

डाला उचलला गेला. मागचा फाळका आपसूक उघडला आणि सगळा कापूस एकदम, एकच गठ्ठा होऊन खाली सरकला. आवाजसुद्धा झाला नाही. पाचेक मिनिटांत गाडी रिकामी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिनिंगचा मुकादम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा रे मिस्त्री! आता तुले फुरसत नाई भेटनार." लोडरवाल्याने तो ढीग भिंतीकडे लोटला, वरून अजून कापूस टाकला, जागा केली. पुढची गाडी आली. मोरेश्वरने आमची गाडी बाहेर लिंबाखाली आणून लावली आणि बापाला बोलवायला टपरीवर गेला.

मी बिजागऱ्या पाहायला गाडीच्या मागे गेलो. ती आमची सवय असते, काम झालं की पिना तपासायच्या. पिना जागेवर होत्या. मग डाव्या कोपऱ्यावर नजर गेली.

दांडीच्या वाकवलेल्या टोकावर दोन चपला टांगलेल्या होत्या. अंगठ्यांतून ओवून, नीट.

कोणी टांगल्या बुवा इथे, असं मला आधी वाटलं. खरंच एवढंच वाटलं. मग ते टोक दिसलं, मीच लाल करून वळवलेलं. ती आड हातासाठी नव्हतीच. काका कापसावर चढताना चपला काढणार, त्या दांडीला टांगणार, आणि ज्याला दांडी ओढायची त्याला आधी त्या चपला हातात घ्याव्या लागणार. थाप मारायला कोणी विसरलं तरी चपला विसरता येणार नाहीत. एवढा विचार त्या माणसाने करून ठेवला होता, आणि दांडी मागे आहे म्हणून बिनघोर झोपला होता.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. धावलो, कापसात शिरलो, दोन्ही हातांनी उपसायला लागलो. लोकांना आधी कळेचना. मग तेही आले. मोरेश्वर टपरीवरून धावत आला. काका टपरीवरून कधीच परत आले होते, असं चहावाला सांगत होता. कापूस हलका असतो असं ज्याला वाटतं त्याने तो एकदा असा उपसून पाहावा. हातात येतो, आणि वरून तितकाच परत घसरतो. अर्धा-पाऊण तास गेला. भिंतीजवळ आधी पाय दिसले. अनवाणी.

ते गेलेलेच होते.

बाहेर गाडी उभी होती आणि चपला तिथेच टांगलेल्या होत्या. सगळे आत होते. मोरेश्वर बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मी एकटा बाहेर आलो, चपला टोकावरून काढल्या, रस्ता ओलांडला आणि टपरीच्या बाकड्याखाली नेऊन ठेवल्या. मला कोणी असं कर म्हणालं नव्हतं.

पोलिसांनी मोरेश्वरला विचारलं, "वर माणूस आहे का पाहिलं नव्हतं?" तो म्हणाला, "थाप मारली होती, सायेब. तीनदा मारली." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मारली. मी ऐकली." तेवढ्यावर ठरलं. बुढ्याला कमी ऐकू येत असेल, रातभराचं जागरण, झोप गाढ लागली. लोकांनीच एकमेकांना समजावून सांगितलं.

त्या सीझनमध्ये माझ्याकडे अकरा पिकअप आल्या. हो, आल्या. माणूस मेला ते लोक विसरले आणि पाच मिनिटांत रिकामी झालेली गाडी त्यांच्या लक्षात राहिली. अकराच्या अकरा गाड्यांना मी दांडी मागे लावली आणि टोक वर वाकवून दिलं. आजही देतो. नवीन पोरं भांडतात माझ्याशी, आत द्या म्हणून. मी म्हणतो, दुसरीकडे जा बाबा. कोणी विचारतं, टोक कायले वाकवता? मी सांगतो, हाताले आड लागते. माझ्या बाजूच्या गॅरेजमध्ये कोणी पत्र्यावर हात आपटला की मी हातातलं काम टाकून उभा राहतो. बायको म्हणते तुम्हाला वाऱ्याचा त्रास आहे. असेल.

मोरेश्वरने गाडी विकली आणि चंद्रपूरकडे कुठे ड्रायव्हरकीला गेला. लग्नाकार्यात कधी समोरासमोर आलो तर तो पानाच्या टपरीकडे वळतो आणि मी जेवणाच्या रांगेकडे. आम्ही त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

गिरजाकाकू पुढे नऊ वर्षं जगली. जो भेटेल त्याला ती सांगायची, माह्याच बुढ्याची चूक होती, दुसऱ्या कोनाची नाई. ती असं का सांगायची ते फक्त मला आणि मोरेश्वरला माहीत आहे.

तेराव्याला मी गेलो होतो. पंगती उठल्यावर काकूने मला मागच्या अंगणात बोलावलं. कपाळ पांढरं, डोळे कोरडे. ती न्हाणीच्या दगडावर बसली आणि मला समोर बसवलं.

"वासू, एक गोठ विचारतो. खरं सांगजो."

"विचारा, काकू."

"त्यानं मले सांगतलं होतं. म्हने, वासूकडून टोक वाकवून घेतलं, आता मी चढलो का चपला दांडीले टांगतो. कोनी ओढाले आला का आधी माह्या चपला त्याच्या हाती येतील, म्हने. मले लय हासू आलं होतं." "मोरेश्वरनं दांडी ओढली तव्हा चपला कुठी होत्या?"

आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मोरेश्वर दारात येऊन उभा राहिला होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या हातात पाण्याचा गडवा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगेन यावर त्याचं त्या घरातलं पुढचं सगळं आयुष्य होतं, आणि माझंही. मला तेव्हा खरं सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

"टपरीजवळ होत्या, काकू. बाकड्याखाली."

"दांडीले नव्हत्या?"

"नाई."

मोरेश्वर आत निघून गेला. काकूने स्वतःशीच मान हलवली.

"मंग विसरला," ती म्हणाली. "साऱ्या दुनियेले शहानपन शिकवत होता, अन् सोताच विसरला. चूक त्याचीच आहे, बापा. अन् मी तेरा दिवस तुमच्या दोघांवर संशय घेऊन रायली. कोनाले नाई बोलली, पन मनात होतं." तिने हात जोडले. "माफ कर मले."

मी तिचे हात धरून खाली केले. मला रडू फुटलं. तिला वाटलं काकांसाठी रडतोय, म्हणून तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग ती उठली आणि पडवीतून त्या चपला घेऊन आली. पोलिसांनी त्या टपरीवरून आणून दिल्या होत्या. तिने धुऊन, तेल लावून ठेवल्या होत्या.

"बामनाले नव्या देल्या. ह्या त्याच्या वापराच्या आहेत. मोरेश्वरले लहान होतात. तू घेऊन जाय, तुह्यावर लय जीव होता त्याचा." तिने त्या माझ्या पायांजवळ जोडीने ठेवल्या. "घाल पाहू."

मी घातल्या. मापाच्या होत्या.